आगगाडीवाल्यांचें पेन्शन : एका अलिखित देण्याचा इतिहास

कर्जाचे दोन प्रकार असतात. एक कर्ज खतावर लिहिलेलें असतें. त्यावर ऋणकोची सही असते, साक्षीदारांचीं नांवें असतात, व्याजाचा दर असतो, आणि मुदत टळली कीं सावकाराचा तगादा सुरू होतो. दुसरें कर्ज कोठेंच लिहिलेलें नसतें. तरुण माणसास कामावर घेतांना धनी म्हणतो, इमानानें राबलास तर म्हातारपणीं तुला वाऱ्यावर सोडणार नाहीं. आणि त्या एका शब्दावर तो तरुण तीस-चाळीस वर्षें राबतो. हें दुसरें कर्ज मागण्याची वेळ येते तेव्हां धनकोचे केस पिकलेले असतात, हात थरथरत असतात, आणि शब्द देणारा धनी बहुधा हयात नसतो. दुकानावरील पाटीही कित्येकदां बदललेली असते. मग प्रश्न उभा राहतो कीं, हें देणें आतां कोणाचें?

सार्वजनिक वाहतुकीच्या धंद्यांत हा प्रश्न फार तीव्रतेनें उठतो. कारण गाडी चालविणाऱ्याच्या कष्टाचा लाभ केवळ धन्यास होत नाहीं. तो साऱ्या जनतेस होतो. ज्या देशानें या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं शंभरांहून अधिक वर्षें खर्ची घातलीं, न्यायालयें गाजविलीं आणि एकदां केलेला कायदा मोडून पुन्हां केला, तो देश म्हणजे अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें. तेथील आगगाडीवाल्यांच्या पेन्शनचा इतिहास कोणत्याही देशाच्या नागरिकानें समजून घ्यावा असा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील रेल्वेची नोकरी ही जिवावरची नोकरी होती. चालत्या गाडीच्या टपावरून धांवत जाऊन एकेका डब्याचा ब्रेक हातानें आवळावयाचा, आणि दोन डबे जोडतांना त्यांच्या मध्यें उभें राहून लोखंडी खीळ आपल्या हातानें बसवावयाची, हें ब्रेकवाल्याचें रोजचें काम. बोटें तुटलेला ब्रेकवाला हा जुना आणि अनुभवी समजला जाई, यावरूनच काय तें समजावें. सन १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षांत तेथील रेल्वेचे १,९७२ नोकर कामावर मरण पावले आणि २०,०२८ जखमी झाले. नोकरांची एकंदर संख्या त्या वेळीं सुमारें सात लाख होती. म्हणजे दर वर्षीं सुमारें बत्तीस माणसांमागें एकाच्या वांट्याला इजा किंवा मृत्यु ठरलेला. असल्या नोकरींत जो साठी गांठी, त्याच्या अंगांत दुसरें काम करण्याचें त्राण क्वचितच उरलेलें असे.

अशा माणसांची कांहीं सोय करावी हें कंपन्यांना सुचलें तें केवळ दयेपोटीं नव्हे. सन १८७७ च्या जुलै महिन्यांत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनें मजुरींत दहा टक्के कपात केली. मार्टिन्सबर्ग येथील नोकरांनीं गाड्या अडविल्या, आणि पाहतां पाहतां हा वणवा अनेक संस्थानांत पसरला. सैन्य बोलवावें लागलें, रक्तपात झाला. तो संप मोडला खरा, परंतु नोकर असंतुष्ट असेल तर रूळ आणि एंजिनें असूनही गाडी चालत नाहीं, हा धडा कंपनीला मिळाला. त्याच कंपनीनें १८८० सालीं नोकरांसाठीं साहाय्यक मंडळ स्थापन केलें आणि १८८४ सालीं त्याला पेन्शनची जोड दिली. अमेरिकेंतील आगगाडीवाल्यांच्या पेन्शनचा आरंभ तो हा.

पुढें १९०० च्या जानेवारींत पेनसिल्व्हेनिया रेल्वेनें आपली योजना सुरू केली, आणि तीच इतरांना कित्ता झाली. तिचा हिशेब साधा होता. सत्तराव्या वर्षीं नोकरानें निवृत्त झालेंच पाहिजे. शेवटच्या दहा वर्षांच्या सरासरी मासिक वेतनाचा शेंकडा एक भाग, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागें एकदां, याप्रमाणें त्याचें पेन्शन ठरे. चाळीस वर्षें नोकरी केलेल्या माणसास पगाराचे शेंकडा चाळीस मिळत. नोकराच्या पगारांतून यासाठीं एक कपर्दिकही कापली जात नसे. ऐकावयास हें सारें फार गोड वाटतें. परंतु त्याच नियमांच्या पोटांत दुसरीं कलमें होतीं. पस्तीस वर्षांवरील माणसास सामान्यतः नोकरींत घ्यावयाचें नाहीं. आणि एका वर्षांत पेन्शनावर खर्च करावयाची एकंदर रक्कम तीन लाख डॉलरांच्या पुढें जाऊं लागली, तर सर्वांचें पेन्शन त्या प्रमाणांत कमी करावयाचें. म्हणजे ताटांत काय पडणार हें जेवणाऱ्याच्या भुकेवर किंवा त्याच्या कष्टांवर अवलंबून नव्हतें. वाढप्यानें आधींच ठरविलेल्या भांड्याच्या आकारावर तें अवलंबून होतें.

याहूनही मोठी गोम पुढेंच आहे. त्या काळच्या बहुतेक योजनांत असें स्पष्ट लिहिलेलें असे कीं, हा करार नव्हे. नोकरास यायोगें कोणताही कायदेशीर हक्क प्राप्त होत नाहीं. कंपनी वाटेल तेव्हां ही योजना बदलील किंवा बंद करील. न्यायालयेंही त्याच मताचीं होतीं. न्यूयॉर्क संस्थानांत सॉल्व्हे प्रोसेस या रसायनांच्या कंपनीविरुद्ध एका कामगारानें दावा लावला होता. त्याचा निकाल १८९८ सालीं लागला आणि तीन वर्षांनीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. त्या निकालाचें तात्पर्य असें कीं, पेन्शन ही धन्यानें खुशीनें दिलेली देणगी आहे. आणि देणगी कोणत्या अटींवर द्यावी हें देणाऱ्यानेंच ठरवावयाचें. या एका तत्त्वानें जवळजवळ दोन पिढ्यांच्या म्हातारपणाचा निकाल लावून टाकला.

देणगी म्हटली कीं ती हातांत धरून ठेवतां येते, आणि दाखवून काढूनही घेतां येते. सन १९२२ च्या जुलै महिन्यांत मजुरीच्या कपातीविरुद्ध रेल्वेच्या कारखान्यांतील सुमारें चार लाख कामगार संपावर गेले. संपावर गेलेल्यांनीं नोकरीच सोडली असें अनेक कंपन्यांनीं धरलें. त्यामुळें त्यांची ज्येष्ठता गेली, आणि अखंड नोकरीची अट मोडल्यामुळें पेन्शनची आशाही गेली. वीस-पंचवीस वर्षांच्या कष्टांवर एका संपानें पाणी सोडावें लागलें. यावरून हें उघड झालें कीं, कंपनीच्या दृष्टीनें पेन्शन हें मागील कामाचा मोबदला नव्हतें. पुढील काळांतील मुकाट्याची ती किंमत होती.

आतां पैशाकडे वळूं. विम्याच्या धंद्यांत असा नियम आहे कीं, ज्या दिवशीं पुढील देण्याचें वचन दिलें, त्या दिवसापासून त्यासाठीं थोडाथोडा पैसा बाजूस काढीत जावें. तीस वर्षांनीं दरमहा पन्नास डॉलर द्यावयाचे असतील तर त्याची तरतूद आज सुरू झाली पाहिजे. रेल्वे कंपन्यांनीं हें बहुतांशीं केलेंच नाहीं. त्या वर्षीं जें उत्पन्न येई त्यांतूनच त्या वर्षीचें पेन्शन त्या देत. योजना नवी असते तोंवर पेन्शनर मूठभर असतात आणि नोकर लाखो असतात. त्यामुळें ही रीत स्वस्त आणि सोयीची वाटते. परंतु वर्षें लोटतात, नोकर वृद्ध होतात, पेन्शनरांची यादी वाढत जाते. यादी वाढत असतां उत्पन्न घटलें, तर आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? मरे लॅटिमर नांवाच्या अभ्यासकानें अमेरिका आणि कॅनडा येथील उद्योगधंद्यांतील पेन्शन योजनांचा कसून अभ्यास करून १९३२ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या इमारतीखालीं पाया नाहीं ही गोष्ट त्यानें आंकड्यांनिशीं दाखवून दिली. याच लॅटिमरकडे पुढें सरकारी पेन्शन मंडळाचें अध्यक्षपद आलें.

हा ग्रंथ बाहेर पडला तेव्हां पाया नसलेली ती इमारत हलूं लागलेलीच होती. सन १९२९ च्या शेवटीं आलेल्या महामंदीनें रेल्वेची वाहतूक खालावली. सोळा लाखांहून अधिक नोकर होते, ते १९३३ पर्यंत दहा लाखांच्या आसपास आले. नोकरकपातीचा नियम असा होता कीं, शेवटीं आलेला आधीं जावयाचा. त्यामुळें तरुण घरीं बसले आणि म्हातारे कामावर राहिले. म्हाताऱ्यांना निवृत्त व्हावेंसें वाटे, परंतु जावें कोठें? कित्येक कंपन्यांनीं चालू असलेलीं पेन्शनेंही शेंकडा दहांनीं कापलीं. सत्तरीचा ड्रायव्हर पोटासाठीं एंजिनावर उभा, आणि त्याचा तिशीचा मुलगा कामासाठीं दारोदार फिरत आहे, असें विलक्षण दृश्य घरोघर दिसूं लागलें. बापाचें पेन्शन ही मुलाचीच भाकरी आहे, हें दोघांनाही कळून चुकलें. रेल्वेच्या साध्या नोकरांनीं स्वतः पुढाकार घेऊन राष्ट्रव्यापी पेन्शनसाठीं संघटना उभारली, अर्जांवर सह्या गोळा केल्या, आणि आपल्या मजूरसंघांच्या पुढाऱ्यांनाही मागून ढकलीत पुढें आणलें.

या चळवळीचें फळ म्हणजे १९३४ चा रेल्वे निवृत्ति कायदा. सेनेटर वॅग्नर आणि सेनेटर हॅटफील्ड या दोन निरनिराळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनीं तो मांडला आणि २७ जून १९३४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यावर सही केली. सही करतांना या कायद्याची रचना ओबडधोबड असल्याचें त्यांनीं बोलूनही दाखविलें. कायद्याचा गाभा असा: नोकरानें पगाराचे शेंकडा दोन भरावे, कंपनीनें त्याच्या दुप्पट भरावे, सर्व कंपन्यांचा पैसा एकाच निधींत जमावा, आणि त्यांतून सर्वांना पेन्शन द्यावें. नोकर एका कंपनींतून दुसरींत गेला तरी त्याची नोकरी अखंडच धरावी. पेन्शन प्रथमच देणगीच्या यादींतून निघून हक्काच्या यादींत आलें.

कंपन्या अर्थातच न्यायालयांत गेल्या. पहिल्या दर्जाच्या एकशें चौतीस रेल्वे कंपन्या, दोन एक्सप्रेस कंपन्या आणि झोंपण्याचे डबे चालविणारी पुलमन कंपनी असे सर्व वादी एकत्र झाले. ‘आल्टन रेल्वे खटला’ या नांवानें हा खटला इतिहासांत प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे १९३५ रोजीं निकाल दिला. नऊ न्यायाधीशांपैकीं पांच एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस. आणि त्या एका मतानें कायदा रद्द झाला.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांनीं लिहिला. त्यांचे आक्षेप मुख्यतः तीन होते. पहिला हा कीं, सर्व कंपन्यांचा एकच निधि करणें म्हणजे एकाची मालमत्ता काढून दुसऱ्यास देणें होय. जिच्याकडे तरुण नोकर अधिक आहेत तिनें वृद्ध नोकरांच्या कंपनीचा भार कां उचलावा? दुसरा आक्षेप असा कीं, कायदा होण्यापूर्वींच्या वर्षांत ज्यांनीं नोकरी सोडली होती, किंवा ज्यांना गैरवर्तनाबद्दल काढून टाकलें होतें, त्यांनाही यांत लाभ मिळत होता. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर होता. काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, संस्थानांसंस्थानांमधील व्यापाराचें नियमन करण्याचा अधिकार आहे; परंतु म्हाताऱ्या नोकराची चिंता वाहणें हा समाजहिताचा विषय आहे, व्यापाराचा नव्हे. नोकराची निष्ठा धन्याच्या औदार्यानें वाढते. तेंच औदार्य कायद्यानें करावयास लावलें तर ती निष्ठा नष्ट होते, असेंही या निकालांत सुचविलें होतें.

या आक्षेपांत कांहींच तथ्य नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. कायदा घाईनें लिहिलेला होता. काढून टाकलेल्या नोकरांविषयींचें कलम असमर्थनीय आहे, हें विरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीशांनींही मान्य केलें. परंतु तेवढें एक कलम गळून टाकावयाचें कीं सारा कायदाच बुडवावयाचा, हा खरा प्रश्न होता. चौघांच्या वतीनें सरन्यायाधीश ह्यूज यांनीं आपलें भिन्न मत मांडलें. त्यांचें म्हणणें असें कीं, अपघातांत हात तुटलेल्या नोकराची भरपाई धंद्यानें करावी हें तत्त्व कायद्यानें केव्हांच मान्य केलें आहे. वॉशिंग्टन संस्थानांत अशा भरपाईसाठीं सर्व मालकांचा सामायिक निधि होता आणि तो १९१७ सालीं याच न्यायालयानें उचलून धरला होता. मग अपघातानें निकामी झालेला आणि वयानें निकामी झालेला या दोघांत भेद कसा करावा? जो धंदा माणसांची शक्ति वापरून घेतो, त्यानें ती शक्ति संपल्यावर त्यांचा भारही सोसला पाहिजे. काँग्रेसनें कायदा वाईट केला असेल तर तो सुधारतां येईल. परंतु पेन्शनचा कोणताही कायदा करण्याची वाटच बहुमतानें बंद करून टाकली आहे, ही त्यांची खंत होती.

येथें थोडें थांबून पाहिलें पाहिजे. कंपन्या म्हणत, आम्हीं दिलें ती देणगी होती. तिची जबाबदारी आमच्यावर नाहीं. न्यायालय म्हणे, सरकारनें यांत पडूं नये. जबाबदारी सरकारचीही नाहीं. वृद्ध नोकराजवळ तर देण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. काम सर्वांनीं घेतलें, पण देणें कोणाच्याच नांवावर निघेना. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण सर्वोच्च न्यायालयाच्या संगमरवरी दालनापर्यंत जाऊन पोहोंचली होती.

परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. चारच महिन्यांच्या आंत, १९३५ च्या ऑगस्टमध्यें काँग्रेसनें नवी युक्ति योजिली. एका कायद्यानें सरकारी तिजोरींतून पेन्शन द्यावयाचें ठरविलें, आणि दुसऱ्या स्वतंत्र कायद्यानें कंपन्यांवर व नोकरांवर कर बसविला. हेतु हा कीं, एकावर घाव पडला तरी दुसरा वांचावा. कंपन्या पुन्हां न्यायालयांत गेल्या, आणि १९३६ च्या जूनमध्यें खालच्या न्यायालयानें कराचा कायदा अग्राह्य ठरविला. पेन्शन देण्याचें काम मात्र पुढील महिन्यांतच सुरू झालें. घर बांधलें होतें, पण खर्चाची सोय उडाली होती.

अशा पेंचांत दोन्ही पक्षांस शहाणपण सुचलें. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सूचनेवरून १९३७ च्या प्रारंभीं कंपन्यांचे आणि मजूरसंघांचे प्रतिनिधि एका टेबलाशीं बसले. कंपन्यांनाही आतां कळून चुकलें होतें कीं, त्यांच्या स्वतःच्या पेन्शनरांचा भार त्यांना पेलण्यासारखा नाहीं. तो सामायिक निधीवर टाकतां आला तर त्यांचीही सुटका आहे. तडजोड झाली आणि १९३७ च्या जूनमध्यें नवे कायदे संमत झाले. महिना तीनशें डॉलरपर्यंतच्या पगारावर नोकरानें शेंकडा पावणेतीन आणि कंपनीनेंही तितकाच कर भरावा, हा दर पुढें वाढत जावा, आणि पेन्शन महिना एकशें वीस डॉलरपर्यंत मिळावें असें ठरलें. कंपन्यांच्या यादींवर असलेले सुमारें पन्नास हजार जुने पेन्शनर नव्या निधीकडे सोंपविण्यांत आले. या वेळीं कोणीही न्यायालयाची पायरी चढला नाहीं.

या तडजोडींतील एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. सन १९३७ पूर्वींच्या नोकरीबद्दल कोणीही एक पैसा भरलेला नव्हता. तरीही ती नोकरी तीस वर्षांच्या मर्यादेपर्यंत हिशेबांत धरावयाची ठरली. म्हणजे मागील पिढीच्या धन्यांनीं न केलेली तरतूद पुढील पिढीच्या धन्यांनीं व नोकरांनीं वांटून घेतली. तरतूद न झालेलें देणें नाहींसें झालें नाहीं. परंतु तें प्रथमच उघडपणें वहींत लिहिलें गेलें, कोणी किती भरावयाचें हें ठरलें, आणि निधीच्या स्थितीची गणितज्ञांकडून ठराविक वर्षांनीं तपासणी करण्याचें बंधन आलें. जबाबदारीचा खरा अर्थ इतकाच आहे. देणें लहान असो वा मोठें, तें कोणाच्या तरी नांवावर लिहिलेलें असलें पाहिजे.

या व्यवस्थेची कसोटी तेहतीस वर्षांनीं लागली. ज्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेची योजना १९०० सालीं सर्वांना कित्ता झाली होती, ती कंपनी १९६८ सालीं न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेशीं एकत्र झाली आणि ‘पेन सेंट्रल’ हें नांव तिनें घेतलें. दोन वर्षांनीं, २१ जून १९७० रोजीं, त्या अवाढव्य कंपनीनें दिवाळें काढलें. वृद्ध नोकरांचें मूळ पेन्शन जर अजूनही त्या कंपनीच्या मर्जीवर आणि तिजोरीवर अवलंबून असतें, तर हजारों कुटुंबांची चूल त्या दिवशीं विझली असती. परंतु तें देणें १९३७ सालींच सामायिक निधीवर गेलें होतें. ‘एकाची मालमत्ता दुसऱ्यास’ असें म्हणून जी गोष्ट १९३५ सालीं दोषास्पद ठरली, तीच १९७० सालीं तारक ठरली. सबळ कोण आणि दुर्बळ कोण, हें तीस वर्षांपूर्वीं कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणूनच तर निधि सामायिक असावा लागतो.

तथापि कोणतीही व्यवस्था एकदां बसविली म्हणजे ती कायमची नीट चालते असें नाहीं. मोटारी, मालमोटारी आणि विमानें आलीं. रेल्वेंतील नोकर कमी होत गेले. सन १९७५ च्या सुमारास कामावर साडेपांच लाखांच्या आसपास नोकर होते, आणि निधींतून पैसे घेणारे जवळजवळ त्यांच्या दुप्पट. त्यांत आणखी एक भर पडली होती. कांहीं वर्षें रेल्वेंत आणि कांहीं वर्षें दुसऱ्या धंद्यांत काढलेल्या माणसास रेल्वेचें पेन्शन आणि सर्वसाधारण सामाजिक विम्याचें पेन्शन अशीं दोन्ही मिळत, आणि दोहोंची बेरीज एकाच ठिकाणीं सारी नोकरी करणाऱ्याच्या पेन्शनपेक्षां अधिक भरे. सन १९७० सालीं नेमलेल्या चौकशी मंडळानें १९७२ सालीं स्पष्ट इशारा दिला कीं, असेंच चाललें तर १९८० नंतरच्या दशकांत निधि आटून जाईल.

काँग्रेसनें १९७४ सालीं कायदा बदलला. दुहेरी लाभ पुढें बंद करावयाचा, पण जुन्यांपैकीं ज्यांना तो द्यावयाचा त्यांच्यासाठीं सर्वसाधारण सरकारी तिजोरींतून दर वर्षीं साडे-अठ्ठावीस कोटी डॉलर, असे पंचवीस वर्षें द्यावयाचे. रेल्वेच्या धंद्याचा हा भार साऱ्या करदात्यांनीं कां सोसावा, असें म्हणून अध्यक्ष फोर्ड यांनीं सही नाकारली. काँग्रेसनें त्यांचा नकार मोडून कायदा अमलांत आणला. दोन्ही बाजूंस कारणें होतीं. परंतु खरा अन्याय झाला तो कायद्याच्या बारीक कलमांत. दहा वर्षांहून अधिक पण पंचवीस वर्षांहून कमी काळ रेल्वेंत काढून जे पूर्वींच बाहेर पडले होते, त्यांच्यापैकीं पुष्कळांचा दुहेरी लाभ गेला. उलट त्यांच्याहून कमी वर्षें नोकरी केलेला, पण १९७४ सालीं एखादा दिवस कां होईना रेल्वेंत काम केलेला मनुष्य तो लाभ राखूं शकला.

असें कां झालें? कारण या कायद्याचा मसुदा कंपन्यांच्या आणि मजूरसंघांच्या संयुक्त समितीनें तयार केला होता. कंपन्यांचे प्रतिनिधि त्या टेबलाशीं होते, चालू नोकरांचे प्रतिनिधि होते. नोकरी सोडून गेलेल्यांचा कोणीच नव्हता. ज्या टेबलानें १९३७ सालीं सर्वांस तारलें, त्याच टेबलाशीं १९७४ सालीं गैरहजर असलेल्यांचा हिस्सा कमी झाला. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ९ डिसेंबर १९८० रोजीं न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं कायदा ग्राह्य ठरविला. भिन्न मत लिहिणारे न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं दाखवून दिलें कीं, कोणाचाही मिळालेला हक्क जाणार नाहीं अशी समजूत मसुदा करणाऱ्यांनीं विधिमंडळाची करून दिली होती, आणि विधिमंडळानें ती पारखून पाहिली नाहीं. बहुमतानें कायदा वांचला, परंतु ब्रेनन यांनीं ठेवलेलें बोट अजून त्या जागेवर आहे.

पुढें १९८३ सालीं निधि पुन्हां अडचणींत आला तेव्हां कर वाढवून आणि लाभ कमी करून तो सांवरला. २१ डिसेंबर २००१ रोजीं संमत झालेल्या कायद्यानें निधीच्या गुंतवणुकीसाठीं निराळें विश्वस्त मंडळ निर्माण केलें. त्यांत तीन विश्वस्त नोकरांच्या बाजूचे, तीन कंपन्यांच्या बाजूचे, आणि सातवा या सहांनीं निवडलेला तटस्थ. त्याच कायद्यांत एक उत्तम योजना आहे. सध्यांच्या दरानें पेन्शन देत गेल्यास निधि किती वर्षें पुरेल, याचा आंकडा दर वर्षीं काढावयाचा, आणि त्याची दहा वर्षांची सरासरी पाहून कराचा दर आपोआप ठरवावयाचा. ती सरासरी चार वर्षांच्या खालीं गेली कीं कंपन्यांचा कर चढत जातो. तो शेंकडा २२.१ पर्यंत जाऊं शकतो. नोकराच्या हिश्श्याची कमाल मर्यादा मात्र शेंकडा ४.९ आहे. तूट पडली तर ती कोणी भरावयाची हें तूट पडण्यापूर्वींच लिहून ठेवलेलें आहे. इ. स. १८८४ पासून जो प्रश्न हवेंत तरंगत होता, त्याचें उत्तर अखेर कायद्याच्या तक्त्यांत आंकड्यांनीं लिहिलें गेलें.

या दीर्घ इतिहासापासून बोध काय घ्यावयाचा? पहिला हा कीं, पेन्शन ही देणगी समजली जाते तोंवर तिच्यासाठीं कोणीही पैसा बाजूस काढीत नाहीं. कारण देणगी न दिल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागत नाहीं. दुसरा बोध असा कीं, आजचा खर्च कमी दिसावा म्हणून उद्यांचें वचन देणारा मनुष्य बहुधा उद्यां त्या खुर्चीवर नसतो. म्हणून वचन आणि तरतूद यांची गांठ त्याच दिवशीं बांधली पाहिजे. आणि तिसरा, कदाचित् सर्वांत महत्त्वाचा, बोध हा कीं, हिशेबाच्या टेबलाशीं जो बसलेला नसतो त्याच्याच ताटांतलें प्रथम कमी होतें.

आगगाडींत बसलेला उतारू वेळेवर पोहोंचला कीं स्टेशनाबाहेर पडतो; गाडी कोणी आणली हें पाहण्यास तो थांबत नाहीं. तें स्वाभाविकच आहे. परंतु त्यानें तिकिटाचे जे पैसे दिले, त्यांत त्या दिवसाचा कोळसा, त्या दिवसाचें तेल आणि त्या दिवसाची मजुरी एवढेंच आलें असेल, तर तिकिटाची किंमत खरी नव्हती. ती तितक्यानें कमी होती. राहिलेली बाकी गाडी चालविणाऱ्याच्या म्हातारपणावर उसनी घेतलेली होती. ती बाकी आज ना उद्यां कोणाला तरी भरावीच लागते. ती कंपनीनें भरावी, करदात्यानें भरावी कीं उतारूनें भरावी, याविषयीं मतभेद होऊं शकतील. पण जो आपल्या वांट्याचें काम पुरें करून बसला आहे, त्याच्याच पदरीं ती पुन्हां घालूं नये, याविषयीं मतभेदास जागा नाहीं.